एकवीस बिघाड तिचे, दोन माझे

आमच्या गाडीचे दिवे नीट लागत नाहीत याला माझी बायको कारणीभूत आहे, हे मी एका पावसाळ्यात आकडेवारीनिशी सिद्ध केलं होतं. सिद्ध केलं हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. त्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, मोजायची आणि नाकारायची, हे माझं काम. अठरा वर्षं हे केल्यावर माणूस संध्याकाळी घरी येऊनही नाकारतच राहतो. माझं तसंच झालं होतं. आमटीपासून सोसायटीच्या इतिवृत्तापर्यंत माझ्या नजरेतून काही सुटत नसे.

गाडी वीस वर्षांची होती आणि आम्ही तिचे तिसरे मालक. आठवडाभर ती इमारतीखाली ताडपत्री पांघरून उभी असायची. रविवारी सकाळी मी ताडपत्री काढायचो, नीट घडी घालायचो, बाजारात जाऊन भाजी आणायचो आणि घडी उलगडून पुन्हा पांघरायचो. एवढ्यावर ती गाडी आणि मी, दोघंही समाधानी होतो.

मग सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या. त्या दहिसरला चाळीत तळमजल्यावर राहत. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा सकाळी अंधेरीच्या इस्पितळात व्यायामासाठी यायला सांगितलं. हे काही महिने चालणार होतं. रिक्षातून यायचं तर हायवेवरचा प्रत्येक खड्डा त्यांच्या खुब्याला कळायचा. टॅक्सी दहिसरहून सकाळी मिळेलच असं नव्हतं. मी आठ वाजता कारखान्यात हजर. बायको दुपारच्या शाळेत शिकवायची, तिला सकाळ मोकळी. आणि गाडी खाली उभीच होती.

"मी गाडी शिकते," ती एका रात्री जेवताना म्हणाली. "मग आईला मीच आणीन."

मी म्हणालो, "विचार करू." याचा अर्थ आमच्या घरात नाही असा होतो, हे तिला ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती शिकाऊ लायसन्सचा फॉर्म घेऊन आली. शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिने. त्याच्या आत परीक्षा द्यायची.

मोटर ट्रेनिंग स्कूलचे पंधरा दिवस झाल्यावर सराव आमच्या गाडीवर सुरू झाला. शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवाला बसावा लागतो. तो मी. मी घरी येऊन चहा घेईपर्यंत सात वाजायचे, म्हणून आम्ही रोज साडेसातला निघायचो. औद्योगिक वसाहतीतले रस्ते त्या वेळी रिकामे असत. ती चालवायची आणि मी शेजारी बसून तिच्या चुका शोधायचो. कामावरून सुटल्यावर तेच काम बिनपगारी करण्यात एक वेगळाच आनंद असतो.

जूनच्या मध्यापासून बिघाड सुरू झाले. तिने उजवीकडे वळायला इंडिकेटरची दांडी ओढली की इंडिकेटर लुकलुकण्याऐवजी पुढचे मोठे दिवे मिणमिणायचे. डावीकडे ओढली की भलतेच छोटे दिवे उघडझाप करायचे. हॉर्न दाबला की गाडी घसा बसल्यासारखी खोकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन तपासावं तर इंडिकेटर ठीक, हॉर्न ठणठणीत.

मी वही केली. तारीख, ठिकाण, चालवणाऱ्याचं नाव, बिघाडाचं स्वरूप आणि शेरा, असे पाच रकाने. बिघाड शोधायचा तर नोंद हवी, हे मी कारखान्यात नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगतो.

दरम्यान तीन गॅरेज झाली. पहिल्याने इंडिकेटरची डबी बदलली आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की आता काही होणार नाही. तीन संध्याकाळी काही झालं नाही, कारण त्या तीन संध्याकाळी पाऊस एवढा होता की आम्ही निघालोच नाही. दुसऱ्याने इंजिन चालू करून एका कानाने डायनामोचा आवाज ऐकला आणि डायनामोवर ठपका ठेवला. तो गावाला निघाला होता, म्हणून डायनामो वाचला. तिसऱ्याने बॉनेट उघडलं आणि आत न बघताच विचारलं, "साहेब, गाडी कोण चालवतं?"

"बायको शिकते आहे," मी म्हणालो.

तो हसला आणि त्याने बॉनेट लावून टाकलं.

त्या हसण्याला मी तज्ज्ञाचं मत समजलो. घरी येऊन वही उघडली आणि चालवणाऱ्याचा रकाना मोजला. बायको चालवत असताना वीस बिघाड, मी चालवत असताना दोन. ते दोनही मी रविवारी पहाटे अंधारात निघालो तेव्हाचे होते, पण वेळेचा रकानाच मी ठेवला नव्हता, त्यामुळे ते मला दिसलं नाही. मला वीस आणि दोन एवढंच दिसलं. कारखान्यात एखाद्या कामगाराच्या हातून असं प्रमाण आलं असतं तर मी त्याला मशीनवरून उठवलं असतं.

"तू दांडी जोरात ओढतेस," मी तिला सांगितलं. "आतल्या तारा ढिल्या होतात."

"मी हळूच करते."

"हळूच म्हणजे किती?"

"हळूच म्हणजे हळूच. आता त्याचंही माप सांगू?"

"मग बिघाड तुझ्याच हाती का होतात?"

"ते तुम्ही शोधा की. वही तुमची आहे."

मी शोधलेलंच होतं, त्यामुळे पुन्हा शोधायची गरज मला वाटली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दहिसरला गेलो. सासूबाई पुढच्या ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, जवळ काठी. शेजारच्या दोघीजणी तांदूळ निवडत होत्या. लेक गाडीने न्यायला येणार हे सासूबाईंनी साऱ्या चाळीला सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला कौतुकाने विचारलं, "काय, जमतंय का तिला?"

आता इथे कोणताही शहाणा माणूस "जमतंय" म्हणाला असता. पण मला विचारलं की मी खरं सांगतो. मी बिघाडांचा आकडा सांगितला. कोणाच्या हातून किती, तेही सांगितलं. आतल्या तारा ढिल्या झाल्या तर एकमेकींना लागून तापतात, हेही सांगितलं, कारण माहिती अर्धवट देऊ नये.

"तापतात म्हणजे पेटतात?" सासूबाईंनी विचारलं.

"शक्यता नाकारता येत नाही."

तांदूळ निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. सासूबाईंनी काठी जवळ ओढली. मग लेकीला म्हणाल्या, "राहू दे गं बाई. रिक्षाच बरी. तार पेटली तर बाकीचे पळतील, मला पळता यायचं नाही."

परत निघालो तेव्हा गाडी मीच चालवत होतो. गोरेगाव आलं, जोगेश्वरी आली, मी दोनदा विषय काढला. घराखाली गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "आईला मी तीन महिने समजावत होते. तुम्हाला दहा मिनिटं पुरली." आणि वर निघून गेली. मी ताडपत्री पांघरली.

परीक्षेची तारीख ऑगस्टमध्ये होती. त्या दिवशी सकाळी आभाळ इतकं भरलं होतं की नऊ वाजता दिवे लावावे लागले. इन्स्पेक्टर वयस्क गृहस्थ, छत्री मिटून तिच्या शेजारी येऊन बसले. मी भिंतीकडेला उभा होतो. गाडी वीसेक पावलं गेली, वळणाजवळ आली आणि पुढचे दिवे मिणमिणू लागले. इंडिकेटर मख्ख. बायकोने प्रसंगावधान राखून काच खाली केली आणि पावसात उजवा हात बाहेर काढला. हात कोपरापर्यंत भिजला, पण खूण अगदी नियमाप्रमाणे होती.

गाडी थांबली. इन्स्पेक्टर उतरून माझ्याकडे आले.

"गाडी तुमची?"

"हो."

"बाईंना येतंय. पण असली गाडी रस्त्यावर न्यायची मी परवानगी कशी देऊ? आधी हिला धड करून आणा."

पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. त्यानंतर शिकाऊ लायसन्सची मुदत चार दिवसांत संपत होती. म्हणजे ही शेवटचीच संधी.

मी घरी येऊन वहीत तिच्या नावावर एकविसावी नोंद केली. बायको साडीचा ओला पदर पिळत होती. ती म्हणाली, "या वेळी झालं नाही तर मी पुन्हा फॉर्म भरणार नाही. बेचाळिसाव्या वर्षी किती वेळा हसं करून घ्यायचं? आई जाईल रिक्षातून, कण्हत. तुमची वही मात्र पूर्ण करा."

वाकोल्याच्या इलेक्ट्रिशियनचा पत्ता तिनेच तिच्या शाळेतल्या एका बाईंकडून आणला. नाल्याच्या कडेला पत्र्याची शेड, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग. माणूस पन्नाशीचा, मालवणकडचा. संपापूर्वी गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होता. गिरणी बंद पडल्यावर गाड्यांच्या वायरिंगचं काम करू लागला. शनिवारी दुपारी आम्ही गाडी शेडमध्ये घातली आणि मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याच्या हातात वही दिली.

त्याने चष्मा लावला, पानं उलटली, वही परत दिली. "अक्षर बरा आसा," तो म्हणाला.

"एकवीस आणि दोन," मी आठवण करून दिली.

"ता बघितलंय. साहेब, तुम्ही गाडी कधी चालवता?"

"रविवारी सकाळी."

"उजेडात."

"बहुतेक वेळा."

"आणि वहिनी?"

"संध्याकाळी साडेसातला."

"म्हणजे हेडलाइट लावून."

दोन गोष्टी एकदम बदलल्या असताना त्यांतल्या एकीवर दोष ठेवायचा नाही, हे मी कारखान्यात इतक्यांना इतक्यांदा ऐकवलेलं आहे की मला पाहून लोक ते तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. सकाळ आणि संध्याकाळ, दिवे बंद आणि दिवे चालू, मी आणि ती. तीन गोष्टी बदलत होत्या. मी त्यांतली नेमकी बायको निवडली होती.

बायको चालकाच्या जागेवर बसायला निघाली, तर तो म्हणाला, "वहिनींका नको. तुम्ही बसा साहेब."

मी बसलो. त्याने इंडिकेटर द्यायला सांगितलं. इंडिकेटर छान लुकलुकला. मग त्याने हेडलाइट लावायला सांगितलं आणि पुन्हा इंडिकेटर. दांडी मी अगदी हळूच ओढली. तरी शेडच्या अंधारात पुढचे दिवे मिणमिणले आणि इंडिकेटर मेल्यागत बसला.

"आता लिवा," तो म्हणाला. "तुमचे तीन."

बायको हसली नाही. तिने हसायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

त्याने दोन तारा जोडलेला एक छोटा बल्ब घेतला आणि काम करता करता मला समजावून सांगितलं. बॅटरीतून करंट तारेने दिव्यापर्यंत जातो. परत येताना मात्र तारेने बॅटरीपर्यंत येत नाही, गाडीच्या पत्र्यातून येतो. पुढच्या सगळ्या दिव्यांच्या काळ्या तारा एका जागी एकत्र येतात आणि एका बोल्टने पत्र्याला जोडलेल्या असतात. ती जोडणी खराब झाली की करंटला परतीची वाट अपुरी पडते. एकटा इंडिकेटर असेल तर कसंबसं निभावतं. हेडलाइट लावले की गर्दी होते आणि करंट दुसऱ्या दिव्यांतून घुसून वाट काढतो. म्हणून इकडचं बटण दाबलं की तिकडचं लुकलुकतं.

हे सगळं मला कळत होतं. वीज हा माझ्या अभ्यासक्रमात विषय होता आणि त्यात मला चांगले गुण होते.

तो काळ्या तारांवरून बोट फिरवत मडगार्डच्या आतल्या बाजूपर्यंत गेला. मग थांबला. बॅटरी पुसायचं फडकं घेऊन त्याने ती जागा पुसली आणि मान वाकवून पाहिलं. बोल्ट हिरवागार होता. त्याच्या भोवतीचा पत्राही.

"ह्यो रंग कोणी मारलो?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती जागा करड्या गाडीत हिरवी का होती, हे शोधायला कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती. आमच्या खिडक्यांच्या ग्रिल्स त्याच हिरव्या रंगाच्या होत्या.

आमच्या भागात दर मे महिन्यात लोक ग्रिल्सना ऑइलपेंट देतात. खारी हवा आहे, एका पावसाळ्यात लोखंडाचे पापुद्रे सुटतात. प्रत्येक घरात डबा फोडला जातो आणि प्रत्येक घरात थोडा रंग उरतो. उरलेला रंग टाकून द्यायचा नसतो. मग तो पाण्याच्या पिंपाच्या तिवईला लागतो, टीव्हीच्या अँटेनाच्या खांबाला लागतो, पत्रपेटीला लागतो. आमच्या इमारतीत कोणाच्या घराचा रंग कोणता हे जिन्यातल्या स्टुलावरूनही सांगता यायचं. त्या मे महिन्यात हे सगळं करूनही माझ्याकडे पाव डबा राहिला आणि मी बॉनेट उघडलं. आत एक बोल्ट गंजायला लागलेला दिसला. दुसरा कोणी असता तर वरून ब्रश फिरवून मोकळा झाला असता आणि गाडीचं काही बिघडलं नसतं. मी बोल्ट काढला. काळ्या तारांची टोकं बाजूला केली. खालचा पत्रा पुसला, त्याला रंगाचे दोन हात दिले, पहिला हात वाळण्यासाठी एक रात्र मध्ये ठेवली. टोकांनाही आतून रंग लावला, कारण गंज आतूनच धरतो. मग सगळं परत बसवलं आणि वरून एक हात दिला. करंट येऊ नये म्हणून कोणी मुद्दाम बंदोबस्त केला असता तर यापेक्षा चांगला झाला नसता.

"मीच," मी म्हणालो.

इलेक्ट्रिशियन सभ्य माणूस होता. "काम मन लावून केलंत पण," एवढंच तो म्हणाला. त्याने बोल्ट सोडवला, सुरीने रंग खरवडला, पॉलिशपेपर घासून पत्रा चांदीसारखा केला, टोकं घासली, बोल्ट आवळला आणि वरून थोडं ग्रीस लावलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं. मग बायकोला बसवलं. तिने हेडलाइट लावले, इंडिकेटर दिला, हॉर्न वाजवला. सगळं एकदम चालू आणि प्रत्येक आपापल्या जागी.

"दांडी मी हळूच करत होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. परत येताना तीच चालवत होती, दिवसाढवळ्या हेडलाइट लावून, आणि मी लावू दिले.

परीक्षेत ती पास झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्या दिवशी लख्ख ऊन होतं. तिने गाडी चढावर थांबवली, मागे घेतली, दोन्ही बाजूंना वळवली, आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी कागदावर सही केली. ते माझ्याकडे बघून "गाडी सुधारली," असं म्हणाले. मी मान डोलावली.

पण लायसन्स मिळाल्याचं कळवायला बायकोने चाळीजवळच्या वाण्याकडे फोन केला, तेव्हा सासूबाईंचा निरोप आला तो असा: लायसन्स मिळालं, चांगलं झालं, पेढे आण, पण मी रिक्षानेच जाईन. त्यांनी वीस आणि दोन पाठ करून ठेवले होते. माझ्या आकड्यांवर एवढा विश्वास कारखान्यातही कोणी दाखवला नव्हता.

"आता हे तुम्ही निस्तरा," बायको म्हणाली. "माझं काम मी केलं."

रविवारी आम्ही पेढे घेऊन दहिसरला गेलो. गाडी तिने चालवली. सासूबाई ओट्यावरच होत्या, शेजारणी आपापल्या घरात. मी खाली बसलो, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि बॅटरी, दिवा, तार, पत्रा असं चित्र काढून समजावायला लागलो. करंट कसा जातो, कसा परत येतो, भार वाढला की काय होतं. साताठ मिनिटं बोललो असेन. सासूबाई ऐकत होत्या.

"म्हणजे," त्यांनी मध्येच विचारलं, "तिचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही."

"मग कोणाचं चुकलं?"

"माझं. मी नको तिथे रंग दिला."

"एवढंच ना? मग हे पान कशाला भरलंत?"

मी पेन्सिल खिशात ठेवली.

"आणि त्या दिवशी जे सांगितलंत, ते सगळ्यांसमोर सांगितलंत," त्या म्हणाल्या. त्यांनी काठी दाराच्या चौकटीवर दोनदा आपटली आणि शेजारच्या घरांकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, दोघी या जरा बाहेर. आमच्या जावयांना काही सांगायचंय."

दोघी आल्या. एकीच्या हाताला पीठ होतं. बायको गाडीला टेकून उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती. मी उभा राहून सांगितलं की गाडीत बिघाड होता, तो मी केला होता, आणि हिच्या चालवण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आकडे सांगितले नाहीत. पिठाच्या हाताची बाई म्हणाली, "आमचे हे तर अजून एकदाही बोलले नाहीत असं," आणि पेढा घेऊन आत गेली.

सासूबाईंनी लेकीला जवळ बोलावलं.

"मंगळवारी किती वाजता येशील?"

"सव्वाआठला."

"दाराशी येऊन हॉर्न वाजवत बसू नकोस. मी आठलाच इथे येऊन बसते."